औषध की शस्त्रक्रिया? डोळ्याच्या खोबणीतल्या गळवावरील उपचारांचा आढावा

सर्दी झालेल्या पाच-सहा वर्षांच्या मुलाची एक पापणी सकाळी सुजलेली दिसते. घरात पहिला तर्क होतो तो रांजणवाडीचा, डोळे येण्याचा, नाहीतर रात्री काहीतरी चावल्याचा. बहुतेक वेळा तो खराही ठरतो. पण संध्याकाळपर्यंत ताप चढला, पापणी उघडेनाशी झाली, डोळा फिरवताना दुखू लागले आणि तो पुढे आल्यासारखा दिसू लागला, तर सूज पापणीपुरती राहिलेली नसते. ती डोळ्याच्या खोबणीत उतरलेली असते. सीटी स्कॅन केला की नाकाच्या बाजूच्या भिंतीला लागून पुवाचा फुगवटा दिसतो आणि डॉक्टरांपुढे प्रश्न उभा राहतो: शिरेतून प्रतिजैविके देऊन वाट पाहायची, की भूल देऊन पू काढून टाकायचा?

हा प्रश्न नेत्रतज्ज्ञ, कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ यांच्यात गेली चाळीसेक वर्षे चर्चेत आहे. या काळात त्याचे उत्तर बरेच सरकले. ते का सरकले, कोणत्या पुराव्यावर सरकले आणि आज कुठे अडले आहे, हे या लेखात क्रमाने पाहू. खोबणीत पू होण्याची कारणे अनेक आहेत. पण सायनसच्या संसर्गातून हाड आणि त्यावरचे आवरण यांच्यामध्ये साचणारे गळू हा वादाचा गाभा आहे. म्हणून भर त्यावरच दिला आहे.

१. खोबणीची घडण

डोळ्याची खोबण म्हणजे हाडांचा शंकूसारखा कप्पा. तो पुढून उघडा आणि मागे निमुळता असतो. नाकाच्या बाजूच्या भिंतीपलीकडे एथमॉइड नावाचे, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे कप्पे असलेले सायनस असते. दोघांमधले हाड इतके पातळ असते की त्याला ‘कागदी पत्रा’ अशा अर्थाचे लॅटिन नाव मिळाले आहे, लॅमिना पॅपिरेसिया. या पत्र्यातून रक्तवाहिन्या आणि नसा जाण्यासाठी भोके असतात आणि काही जणांत जन्मजात फटीही असतात. सायनस आणि खोबण यांना जोडणाऱ्या शिरांमध्ये रक्त उलटे वाहू नये म्हणून लागणाऱ्या झडपा जवळजवळ नसतात. त्यामुळे एथमॉइड सायनस सर्दीने तुंबून जंतूंनी भरले की तो संसर्ग पलीकडे जायला फार काही लागत नाही.

खोबणीच्या आतून हाडावर एक आवरण असते. ते हाडांच्या सांध्यांपाशी घट्ट आणि बाकी ठिकाणी सैल चिकटलेले असते. सायनसमधून आलेला पू या आवरणाला हाडापासून सोडवतो आणि मधल्या जागेत साचतो. आवरण फाटत नाही तोवर डोळ्याभोवतीची चरबी आणि स्नायू पुवापासून वाचतात, पण फुगवट्याचा दाब डोळ्यावर पडतोच. कप्पा हाडाचा असल्यामुळे वाढलेल्या दाबाला फक्त पुढे, डोळा बाहेर ढकलण्याइतकीच जागा मिळते. दाब आणखी वाढला की दृष्टीची नस आणि दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा आवळला जातो. माकडांवरील प्रयोगांत असे दिसले की दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा पूर्ण तुटला तर साधारण दीड तासापर्यंत ते सावरते. त्यानंतर हानी वाढत जाते आणि चार तासांनंतर ती फार मोठी व कायमची असते. या विषयातल्या घाईमागे हे गणित आहे. दुसरा धोका मागच्या बाजूने येतो. खोबणीतल्या शिरा मेंदूच्या तळाशी असलेल्या कॅव्हर्नस सायनस या शिरांच्या जाळ्यात जाऊन मिळतात. संसर्ग तिथे पोचला तर प्रश्न डोळ्याचा राहत नाही, जिवाचा होतो.

पापणीत एक पातळ पडदा असतो. त्याच्या पुढची सूज आणि मागची सूज यांतला फरक ओळखणे ही निदानाची पहिली पायरी. पडद्यापुढची सूज कितीही भीतीदायक दिसली तरी डोळा सर्व दिशांना फिरतो, तो पुढे येत नाही आणि नजर शाबूत असते. यांतले काहीही बिघडले तर संसर्ग पडद्यामागे आहे असे धरून चालावे लागते.

२. पार्श्वभूमी

सूज पिकली की नाही हे ओळखून मगच शस्त्र उचलावे, हा विचार आपल्याकडे फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला सतरावा अध्याय, आमपक्वैषणीय, याच विषयाला वाहिलेला आहे. आम, पच्यमान आणि पक्व अशा सुजेच्या तीन अवस्था त्यात सांगितल्या आहेत. कच्ची सूज कापणारा आणि पिकलेली सोडून देणारा, दोघेही त्यात सारखेच दोषी ठरवले आहेत. आजचा वाद वेगळ्या साधनांनी याच दोन चुकांमधून वाट काढतो आहे.

आधुनिक वैद्यकात प्रतिजैविकांपूर्वी निवड करण्याजोगे फारसे काही नव्हते. त्या काळाविषयी नेहमी दिला जाणारा आकडा असा: खोबणीचा संसर्ग झालेल्यांपैकी सुमारे १७ टक्के मेंदूज्वराने दगावत आणि वाचलेल्यांपैकी सुमारे २० टक्के लोकांचा तो डोळा आंधळा होई. पेनिसिलिन आल्यावर हे चित्र पालटले. तरीही ‘पू तिथे चीर’ हा शल्यविद्येचा नियम कायम राहिला. पुवाच्या पोकळीत रक्तवाहिन्या नसल्यामुळे औषध आत पुरेसे पोचत नाही, हे त्यामागचे कारण आजही पूर्ण खोटे ठरलेले नाही.

१९७० साली चँडलर, लँगेनब्रुनर आणि स्टीव्हन्स यांनी ‘लॅरिंगोस्कोप’ या नियतकालिकात सायनसच्या संसर्गातून खोबणीत होणाऱ्या गुंतागुंतीचे पाच गट मांडले: पापणीची सूज, खोबणीतल्या चरबीचा पसरलेला दाह, अस्थ्यावरणाखालील गळू, खोबणीच्या आतले गळू आणि कॅव्हर्नस सायनसमध्ये रक्ताची गुठळी. रोजच्या बोलण्यात सुटसुटीत असल्यामुळे ही वर्गवारी जगभर रुळली आणि आजही केसपेपरवर ‘चँडलर तीन’ असे लिहिले जाते. तिच्या मर्यादाही पुढे दिसल्या. रोग दरवेळी एकापुढे एक पायऱ्या चढतोच असे नाही. शिवाय पहिला गट मुळात खोबणीबाहेरचा आहे.

ही वर्गवारी सीटी स्कॅनच्या आधीची आहे, हे मात्र विसरता येत नाही. पहिला रुग्ण सीटी स्कॅनरमध्ये तपासला गेला तो १ ऑक्टोबर १९७१ रोजी, लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात. त्याआधी गळू आहे की नुसता दाह, हे बाहेरून तपासून ताडावे लागे. साहजिकच लक्षात येत ती मोठी, पुढे गेलेली गळवे. सीटी स्कॅनमुळे दोन-तीन मिलिमीटर जाडीचे फुगवटेही दिसू लागले. पूर्वी अशी मुले ‘दाह’ म्हणून दाखल होत, औषधावर बरी होत आणि गळवाच्या हिशेबात येतच नसत. आता तीच मुले ‘गळू’ या नावाखाली आली आणि जुना नियम त्यांनाही लागू करायचा का, असा प्रश्न पडला. आजचा वाद इथून सुरू होतो.

३. तातडीच्या शस्त्रक्रियेची बाजू

गळू दिसताच ते रिकामे करावे, ही भूमिका अनुभवातून आली आहे. तिच्या बाजूचे पहिले कारण म्हणजे अंधत्व एकदा आले की सहसा परत फिरत नाही. थांबून वाचलेल्या दहा शस्त्रक्रियांपेक्षा थांबल्यामुळे गेलेला एक डोळा जास्त मोलाचा, हा युक्तिवाद सहज बाजूला सारता येत नाही. दुसरे म्हणजे लहान मुलाची नजर तपासणे अवघड असते. सुजलेली पापणी उघडू न देणारे, रडणारे तीन वर्षांचे मूल अक्षरांचा तक्ता वाचत नाही, लाल रंग फिका दिसतो का हेही सांगत नाही. बिघाड उशिरा कळण्याची भीती खरी आहे.

तिसरे कारण पुवाच्या नमुन्याचे. रक्तात या जंतूंची वाढ क्वचितच होते. गळवातून पू काढला तर जंतू कळतो, औषध नेमके देता येते. चौथे असे की त्याच शस्त्रक्रियेत तुंबलेले सायनस मोकळे करून मूळ उगमावरच उपाय होतो. शिवाय आजची शस्त्रक्रिया पूर्वीइतकी मोठी राहिलेली नाही.

या बाजूला काही गोष्टी मान्य कराव्या लागतात. स्कॅनवर गळू दिसूनही आत गेल्यावर पू न सापडल्याचे, फक्त सुजलेल्या ऊती मिळाल्याचे अनुभव अनेकांनी नोंदवले आहेत. लहान मुलाला द्यावी लागणारी भूल, रक्तस्राव, डोळा हलवणाऱ्या स्नायूला इजा आणि त्यातून दुहेरी दिसणे, बाहेरून चीर दिल्यास राहणारा व्रण, हे धोकेही आहेत.

४. आधी औषधाची बाजू

उलट दिशेने विचार १९८०च्या दशकात सुरू झाला. काही केंद्रांनी स्कॅनवर गळू दिसत असूनही नजर चांगली असलेली मुले केवळ प्रतिजैविकांवर बरी झाल्याचे लिहिले. या निरीक्षणाला नीट चौकट दिली ती अमेरिकेत मिलवॉकीच्या मेडिकल कॉलेज ऑफ विस्कॉन्सिनमधील नेत्रतज्ज्ञ जेराल्ड हॅरिस यांनी.

१९९४ साली त्यांनी ३७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि वय हा कळीचा मुद्दा मांडला. नऊ वर्षांखालील बहुतेक मुले पू न काढता बरी झाली किंवा काढलेल्या पुवात जंतू वाढलेच नाहीत. वाढलेच तर सहसा एकाच जातीचे आणि हवेवर जगणारे. पंधरा वर्षांवरील रुग्णांच्या पुवात एकापेक्षा जास्त जातींचे जंतू होते, त्यांत हवेशिवाय जगणारेही होते आणि औषधाला ते लवकर दाद देत नव्हते. नऊ ते चौदा हा वयोगट या दोहोंच्या मध्ये येत होता.

असे का, याचे हॅरिस यांचे स्पष्टीकरण सोपे आणि पटणारे आहे. लहान मुलाच्या सायनसच्या पोकळीच्या मानाने तिचे नाकात उघडणारे तोंड मोठे असते. वय वाढते तशी पोकळी वाढते, तोंड मात्र तेवढेच राहते. सुजेने ते बंद झाले की आतला प्राणवायू संपतो आणि हवेशिवाय वाढणारे जंतू मूळ धरतात. याचा अर्थ असा की स्कॅनवर सारखीच दिसणारी दोन गळवे वयानुसार दोन वेगळे आजार असू शकतात.

२००० साली गार्सिया आणि हॅरिस यांनी हा विचार निकषांत बसवून तपासला. १९८८ ते १९९८ या काळातल्या नऊ वर्षांखालील ४० मुलांपैकी २९ मुले ‘आधी औषध’ या गटात बसत होती. त्यांतली २७ शस्त्रक्रियेविना बरी झाली. ज्यांच्यात शस्त्रक्रियेचा विचार आधीपासूनच करावा, अशा खुणाही त्यांनी दिल्या: वय नऊ किंवा अधिक, कपाळातल्या सायनसचा संसर्ग, गळू नाकाच्या बाजूला नसून वर, खाली किंवा बाहेरच्या बाजूला असणे, गळू मोठे असणे, पुवात वायूचे बुडबुडे, दातातून सुरू झालेला संसर्ग, जुनाट सायनसचा आजार, एकदा पू काढल्यावर तो पुन्हा साचणे, आणि नजर धोक्यात असल्याची कोणतीही खूण.

थांबायचे कुठवर, हेही त्यांनी ठरवून दिले. बाहुलीच्या प्रतिक्रियेत बिघाड दिसला तर तत्क्षणी शस्त्रक्रिया. ताप ३६ तासांत उतरला नाही, ४८ तासांच्या औषधानंतरही तब्येत घसरत गेली किंवा ७२ तासांत सुधारणा दिसली नाही तरी शस्त्रक्रिया. या मांडणीत औषध ही शस्त्रक्रियेची सुट्टी ठरत नाही. शस्त्रक्रियेची तयारी ठेवून घेतलेली ती मुदत आहे.

हॅरिस यांचे १९९६चे आणखी एक निरीक्षण रोजच्या कामात फार उपयोगी आहे. पहिल्या काही दिवसांत मूल सुधारत असतानाही स्कॅनवर गळू थोडे वाढलेले दिसू शकते. म्हणजे दुसऱ्या दिवशीचा स्कॅन एकट्याने औषध हरल्याचा पुरावा ठरत नाही. मूल डोळा किती उघडते, किती फिरवते, खाते-पिते का, हे त्याहून आधी पाहायचे.

५. मापे आणि सीमारेषा

‘मोठे गळू’ म्हणजे किती मोठे? गेल्या वीस वर्षांतला बराचसा वाद या एका शब्दाभोवती आहे. टेक्सासमधील ऑक्सफर्ड आणि मॅकक्ले यांनी २००६ साली सुचवले की नजर, बाहुली आणि दृष्टिपटल निरोगी असेल, डोळ्याची हालचाल अडलेली नसेल, डोळ्यातला दाब पाऱ्याच्या २० मिलिमीटरपेक्षा कमी असेल, डोळा ५ मिलिमीटरपेक्षा जास्त पुढे आलेला नसेल आणि गळवाची जाडी ४ मिलिमीटरपर्यंत असेल, तर औषधावर थांबता येते.

जाडीपेक्षा आकारमान मोजावे असे २०११ साली टॉडमन आणि एन्झर यांनी सुचवले. त्यांच्या पाहणीत १,२५० घन मिलिमीटर, म्हणजे सव्वा मिलिलिटरपेक्षा लहान गळवे औषधाने बरी झाली. इतर पाहण्यांत ही रेषा कुठे अर्ध्या मिलिलिटरवर आली, तर कुठे त्याच्या कितीतरी पुढे गेली. आकार महत्त्वाचा आहे यावर सगळ्यांचे एकमत आहे, आकडा मात्र प्रत्येकाचा वेगळा.

असे का होते? प्रत्येक पाहणी एका केंद्रातली, थोड्या रुग्णांची आणि मागे वळून केलेली आहे. त्या केंद्रातले डॉक्टर आधीच मोठ्या गळवांवर शस्त्रक्रिया करत होते. त्यामुळे ‘शस्त्रक्रिया लागली’ हा निष्कर्ष अनेकदा ‘डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली’ एवढ्यावर उभा असतो. शस्त्रक्रिया झालेल्या मुलांचा रुग्णालयातला मुक्काम लांबल्याचे काही पाहण्यांत दिसते, पण तीच मुले मुळात जास्त आजारी होती. दोन गटांची तुलना करताना ही अडचण दर वेळी आडवी येते.

६. शस्त्र बदलले

एकेकाळी शस्त्रक्रिया म्हणजे नाक आणि डोळ्याच्या मधोमध बाहेरून दिलेली चीर. १९८०च्या दशकात सायनसची दुर्बिणीने करायची शस्त्रक्रिया ऑस्ट्रियातील ग्राझमधून जगभर पसरली आणि १९९०च्या दशकापासून खोबणीच्या गळवासाठीही ती वापरली जाऊ लागली. नाकातून आत जाऊन एथमॉइड कप्पे मोकळे करायचे, कागदी पत्र्याचा तुकडा काढायचा आणि पू नाकातच वाहू द्यायचा. चेहऱ्यावर व्रण नाही, सूजही लवकर उतरते. नेत्रतज्ज्ञांनी डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून, व्रण न दिसणारा मार्गही विकसित केला.

पण दुर्बिणीची पोच मर्यादित आहे. खोबणीच्या छताला लागून किंवा बाहेरच्या बाजूला असलेल्या गळवाला अजूनही बाहेरचा किंवा दोन्ही मिळून मार्ग लागतो. सुजलेल्या, रक्ताळलेल्या लहानशा नाकात दुर्बीण चालवणे हे निष्णात हातांचे काम आहे. सोप्या झालेल्या शस्त्रक्रियेमुळे काहींना लवकर शस्त्रक्रिया करणे योग्य वाटते. इतरांच्या मते सोपे झाले म्हणून अनावश्यक ते आवश्यक होत नाही. दोन्ही म्हणणी आपापल्या जागी सुसंगत आहेत.

७. जंतू बदलले

औषधाचे यश जंतूंवर अवलंबून असते आणि जंतू एकसारखे राहिलेले नाहीत. पूर्वी लहान मुलांत हिमोफिलस इन्फ्लुएन्झा ‘बी’ हा मोठा शत्रू होता. अमेरिकेत त्याची लस रुळल्यावर तो या आजारातून जवळजवळ नाहीसा झाला. भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात ही लस पंचगुणी लसीतून आली. डिसेंबर २०११मध्ये केरळ आणि तमिळनाडूपासून सुरुवात झाली, मग टप्प्याटप्प्याने ती इतर राज्यांत पोचली. न्यूमोकोकसची लस २०१७पासून काही राज्यांत आणि २०२१मध्ये देशभर आली. हे दोन्ही जंतू सायनसच्या संसर्गाशी जोडलेले आहेत. म्हणून लसीकरण हा या आजाराच्या प्रतिबंधाचाही भाग मानायला हवा.

रिकामी झालेली जागा दुसऱ्यांनी घेतली. स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि त्याचा मेथिसिलिनला न जुमानणारा एमआरएसए हा प्रकार अनेक देशांत वाढला. पुद्दुचेरीच्या जिपमेर संस्थेतून २०११ साली प्रसिद्ध झालेल्या नऊ वर्षांच्या आढाव्यातही रुग्णालयाबाहेर लागण झालेल्या एमआरएसएचा उदय नोंदवलेला आहे. स्ट्रेप्टोकोकस अँजिनोसस हा गटही पुढे आला आहे. पू साचवण्याची आणि मेंदूकडे पसरण्याची त्याची खोड लक्षात घेता, तो सापडला की डॉक्टर अधिक सावध होतात. औषधांची निवडही त्यानुसार बदलली. सेफट्रायाक्सोन किंवा ॲम्पिसिलिन-सल्बॅक्टम हा पाया, एमआरएसएची शंका असेल तर व्हॅन्कोमायसिन किंवा क्लिंडामायसिन, हवेशिवाय वाढणाऱ्या जंतूंसाठी मेट्रोनिडॅझोल. १९९०च्या दशकात आखलेले वयाचे निकष बदललेल्या जंतूंनाही लागू पडतात का? हॅरिस यांच्याच गटाने २०१५ साली पुन्हा पाहिले, तेव्हा ते बऱ्याच अंशी टिकून असल्याचे दिसले. पण एका शहरातले जंतू दुसऱ्या शहरातल्या जंतूंसारखे असतीलच असे नाही.

८. स्टेरॉइडचा पोटप्रश्न

सूज आणि दाब हाच धोका असेल, तर सूज उतरवणारे स्टेरॉइड द्यावे का? संसर्ग भडकेल या भीतीने ते अनेक वर्षे टाळले गेले. दिल्लीच्या एम्समध्ये झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, प्रतिजैविकांना प्रतिसाद दिसू लागल्यावर तोंडाने स्टेरॉइड दिलेल्या रुग्णांची सूज लवकर उतरली आणि अपाय आढळला नाही. चाचणी मात्र अवघ्या २१ रुग्णांची होती. २०२१ साली कॉक्रेन संस्थेने या विषयाचा पद्धतशीर आढावा घेतला, तेव्हा ठाम शिफारस करण्याइतका पुरावा नाही असाच निष्कर्ष निघाला. काही केंद्रे ते वापरतात, काही वापरत नाहीत. पण प्रतिजैविक लागू पडल्याची खूण दिसण्याआधी आणि बुरशीची शक्यता वगळल्याशिवाय ते देऊ नये, यावर फारसा मतभेद नाही.

९. आपल्याकडची वेगळी चित्रे

वरचा बहुतेक पुरावा अमेरिकेतल्या मुलांचा आहे. भारतात खोबणीच्या सुजेमागे इतरही कारणे भेटतात आणि तिथे ‘आधी औषध’चे गणित जसेच्या तसे चालत नाही.

सर्वांत निकडीचे उदाहरण म्युकरमायकोसिसचे. २०२१च्या कोविड लाटेनंतर महाराष्ट्राने ते जवळून पाहिले. मधुमेह अनियंत्रित असलेल्या प्रौढाचा डोळा सुजला, गाल बधिर झाला, नाकातून काळपट स्राव आला, तर ते जिवाणूंचे गळू समजून थांबणे जिवावर बेतते. देशभरातल्या २,८२६ रुग्णांच्या माहितीवर आधारलेला मोठा अभ्यास त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. त्यातल्या बहुसंख्यांना मधुमेह होता. इथे अँफोटेरिसिन आणि मृत ऊती काढून टाकणारी शस्त्रक्रिया, दोन्ही एकत्र लागतात.

दुसरे टोक उलट आहे. पट्टकृमीच्या अळीची गाठ डोळ्याच्या स्नायूत बसली तर सुजलेला, दुखणारा डोळा गळवासारखाच दिसतो. ती सोनोग्राफीत ओळखता आली तर औषधानेच उतरते, शस्त्राची गरज क्वचित पडते. क्षयाचे थंड गळू ताप आणि लाली यांविना हळूहळू वाढते. त्याला क्षयाची औषधे महिनोन्महिने द्यावी लागतात. दाढ किडून गालातल्या सायनसमार्गे वर चढलेल्या संसर्गात दाताचा उपचार केल्याशिवाय कोणतेही औषध पुरे पडत नाही. याखेरीज, दुकानातून आणलेल्या गोळ्यांनी अर्धवट दबलेला संसर्ग घेऊन उशिरा येणारे रुग्ण आपल्याकडे अनेक आहेत. त्यांच्यात ताप कमी दिसतो, पू मात्र जास्त असतो.

१०. काय सुटलेले नाही

सर्वांत मोठी उणीव म्हणजे औषध आणि शस्त्रक्रिया यांची चिठ्ठ्या टाकून तुलना करणाऱ्या मोठ्या चाचणीची. आजार विरळा आहे, धोका अंधत्वाचा आहे आणि मध्यरात्री आलेल्या मुलाच्या पालकांकडून अशा चाचणीची संमती मिळवणे कठीण आहे. अनेक रुग्णालयांनी एकाच साच्यात आधीपासून नोंदी ठेवणे, हा त्यावरचा शक्य मार्ग आहे. भारतातील बालरोग, नेत्र आणि कान-नाक-घसा विभागांनी मिळून अशी नोंदवही उघडली, तर आपल्या मुलांसाठी आपले आकडे मिळतील.

दुसरा प्रश्न नऊ ते चौदा या मधल्या वयाचा. अनेक केंद्रे आता या वयातही लहान, नाकाच्या बाजूच्या गळवाला आधी औषध देतात. नऊ ही रेषा निसर्गाने आखलेली नाही, हे सर्वांना मान्य आहे. तिच्या जागी काय आणावे यावर मात्र एकमत नाही. तिसरा प्रश्न आकाराच्या सीमारेषेचा. चौथा, शिरेतून किती दिवस आणि मग तोंडाने किती दिवस औषध द्यावे याचा. प्रथा साधारण दोन ते तीन आठवड्यांची आहे, पण ती पुराव्यापेक्षा सवयीवर टिकून आहे. पाचवा स्कॅनचा. प्रत्येक सीटी स्कॅनबरोबर मुलाला किरणोत्सार मिळतो. एमआरआयमध्ये तो नाही आणि पू ओळखायला तो चांगला आहे, पण वेळ लागतो आणि लहान मुलाला झोपवावे लागते.

सहावा प्रश्न या सर्वांना आधार देणारा आहे आणि त्यावर सर्वांत कमी लिहिले गेले आहे. औषधाच्या बाजूचा सारा पुरावा जिथे चोवीस तास लक्ष ठेवता येते अशा रुग्णालयांतला आहे. दर चार ते सहा तासांनी पापणी उचलून बाहुलीवर टॉर्च धरायचा, एका डोळ्यावरून दुसऱ्यावर न्यायचा आणि बाहुली आकसते की उलट पसरते हे टिपायचे. हे जमले तरच ‘थांबणे’ सुरक्षित आहे. ग्रामीण रुग्णालयात मूल दाखल असेल, नेत्रतज्ज्ञ तालुक्याला नसेल आणि शस्त्रक्रियागृह दीडशे किलोमीटरवर असेल, तर तिथे ‘आधी औषध’ म्हणजे पहिला डोस देऊन ताबडतोब मोठ्या केंद्राकडे रवाना करणे. ही वाट किती वेळात तुटते, रात्री कोण सोबत जाते, पोचल्यावर तिन्ही शाखांचे डॉक्टर एकत्र मिळतात का, याचा निकालावर किती परिणाम होतो हे आपल्याला मोजता आले पाहिजे.

११. आज कुठे उभे आहोत

चित्र असे दिसते. नजर धोक्यात असेल तर कोणत्याही वयात, कोणत्याही आकाराचे गळू तातडीने मोकळे करायचे, यावर वाद नाही. नऊ वर्षांखालील मूल, नाकाच्या बाजूचे लहान गळू आणि शाबूत नजर असेल, तर आधी औषध, यावरही आता व्यापक सहमती आहे. मोठी मुले आणि प्रौढ, कपाळातल्या सायनसचा आजार, दातातून आलेला संसर्ग, वायू असलेले गळू, यांच्यात शस्त्रक्रियेकडे कल राहतो. मधला पट्टा अजून मोकळा आहे आणि तिथे जाणकार डॉक्टरांत प्रामाणिक मतभेद राहतील.

चाळीस वर्षांत औषध जिंकले किंवा शस्त्र हरले, असे म्हणता येत नाही. निवड एकदा करून संपत नाही, ती दर काही तासांनी पुन्हा करावी लागते, हे या काळात कळले. त्यासाठी लागणारी पहिली माणसे घरातली आहेत. सर्दीनंतर सुजलेला डोळा फिरवताना दुखत असेल, पुढे येत असेल, दुहेरी किंवा अंधुक दिसत असेल, सोबत ताप, उलटी किंवा गुंगी असेल, तर शेक देत सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री निघावे. त्यानंतरची माणसे वॉर्डातली. मध्यरात्री दोन वाजता मुलाची पापणी हलक्या हाताने उचलून टॉर्च धरणारी परिचारिका जे कागदावर लिहिते, त्यावरच सकाळी औषध चालू ठेवायचे की शस्त्रक्रियागृह तयार करायचे, हे ठरते. ही नोंद चुकू नये एवढी व्यवस्था प्रत्येक जिल्ह्यात झाली, तर या वादातले उरलेले प्रश्न सुटेपर्यंत कोणाचा डोळा जाणार नाही अशी आशा धरता येईल.